मद्यार्काचे प्रमाण करासाठी नेमके कसे मोजतात?

प्रश्न

करआकारणीचे नियम वाचताना एक गोष्ट उलगडत नाही. गोड लिकरमध्ये हायड्रोमीटर थेट सोडला तर त्यात मद्यार्क जवळजवळ नाहीच असे दिसते. प्रयोगशाळेच्या अहवालात मात्र त्याच नमुन्यात आकारमानाने २० टक्के मद्यार्क असल्याची नोंद असते. कर यांपैकी कोणत्या आकड्यावर बसतो? शिवाय कुठे प्रूफ, कुठे टक्के, तर कुठे शुद्ध मद्यार्काचे लिटर असे लिहिलेले आढळते. त्यांचा मेळ कसा घालावा?

उत्तर १

कर अहवालातील आकड्यावर बसतो. हायड्रोमीटर मद्यार्क मोजत नाही, तो केवळ द्रवाची घनता दाखवतो, आणि द्रवात पाणी व मद्यार्क यांखेरीज काहीही नाही असे गृहीत धरूनच त्याच्या दांडीवर टक्के कोरलेले असतात. मद्यार्क घनता कमी करतो, साखर ती वाढवते. लिटरमागे ३०० ग्रॅम साखर असलेल्या, २० टक्के मद्यार्काच्या लिकरची घनता पाण्यापेक्षाही जास्त भरते, त्यामुळे तेथे ते वाचन निरर्थकच ठरते.

म्हणून अधिकृत पद्धतीत आधी ऊर्ध्वपातन येते. ठरलेल्या तापमानाला नमुन्याचे नेमके आकारमान मोजून घेतात, मद्यार्क पूर्णपणे उतरेपर्यंत ऊर्ध्वपातन करतात, आणि जमलेल्या द्रवात ऊर्ध्वपातित पाणी घालून मूळ आकारमान पुन्हा गाठतात. साखर व इतर विरघळलेले घन पदार्थ मागे राहतात, मद्यार्क तेवढाच राहतो. मग या द्रवाची घनता पिक्नोमीटरने (नेमक्या आकारमानाच्या, भरून वजन करायच्या काचेच्या बाटलीने) किंवा इलेक्ट्रॉनिक घनतामापकाने मोजून तक्त्यावरून टक्के काढतात. बिअरसारख्या फेसाळ पेयातील कार्बन डायऑक्साइड त्याआधीच काढून टाकावा लागतो. पिंपात मुरवलेल्या, साखर न घातलेल्या मद्यातही लाकडातून उतरलेल्या पदार्थांमुळे थेट वाचन थोडे कमी येते. फरक लहान असला तरी मोठ्या साठ्यावरील शुल्कात तो जाणवतो.

उत्तर २

प्रूफचा गोंधळ ऐतिहासिक आहे. ब्रिटनने १८१६ साली साइक्सच्या हायड्रोमीटरला कायद्याने मान्यता दिली. त्या व्यवस्थेत ५१ अंश फॅरनहाइटला तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या १२/१३ वजन भरणारे मद्य म्हणजे 'प्रूफ' मद्य. आजच्या भाषेत ते आकारमानाने सुमारे ५७.१ टक्के होते. '२५ अंडर प्रूफ' म्हणजे त्याचे ७५ शतांश, बाटलीवरचा ४२.८ टक्के हा विचित्र आकडा यातूनच आला आहे. अमेरिकी प्रूफ मात्र टक्क्यांची सरळ दुप्पट असते. म्हणजे ४० टक्क्यांचे मद्य तेथे ८० प्रूफ ठरते, तर ब्रिटिश मोजणीत सुमारे ७०. जुन्या कागदपत्रांत नुसते 'प्रूफ' दिसले, तर आधी ते कोणते हे पाहावे.

शुद्ध मद्यार्काचे लिटर काढणे त्यामानाने सोपे आहे: एकूण लिटर गुणिले टक्के, भागिले १००.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. परंतु तापमान इतक्या आग्रहाने का नोंदवतात? एवढ्याने करात खरोखर फरक पडतो का?

उत्तर ३

पडतो, आणि तोही दोन प्रकारे. सुमारे ४० टक्क्यांचे मद्य २५ अंश सेल्सियसला मोजले आणि हायड्रोमीटर २० अंशांसाठी आखलेला असला, तर दुरुस्ती न केल्यास वाचन जवळजवळ दोन टक्क्यांनी, म्हणजे ४० ऐवजी सुमारे ४२, असे जास्त येते. शिवाय उष्णतेने द्रव फुगत असल्याने टाकीतील लिटरही वाढलेले दिसतात; त्यामुळे मोठे साठे अनेकदा वजनावरून हिशेबात घेतले जातात. युरोपीय संघाने २० अंश सेल्सियस हे मानक धरले आहे, तर अमेरिकेने ६० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १५.६ अंश सेल्सियस.

तक्त्यांची गरज का, हेही सांगून ठेवतो. ५० मिलिलिटर शुद्ध मद्यार्क आणि ५० मिलिलिटर पाणी मिसळल्यावर १०० नव्हे, तर ९६-९७ मिलिलिटरच भरते. त्यामुळे घनता आणि टक्के यांचे नाते सरळ रेषेत जात नाही, साध्या त्रैराशिकाने उत्तर निघत नाही, आणि कायद्याला अमुक तक्ता व अमुक तापमान असे नाव घेऊनच सांगावे लागते. आंतरराष्ट्रीय कायदेशीर मापनशास्त्र संघटनेचे तक्ते याच कामासाठी आहेत. साइक्सची पद्धत सोडून ब्रिटन १९८० साली २० अंश सेल्सियसवरील टक्क्यांकडे वळला.

उत्तर १ (पुरवणी)

मात्र हे सूक्ष्म मापन सर्वत्र कराचा पाया असतेच असे नाही. युरोपीय संघाच्या नियमांनुसार वाइनवरील कर साधारणपणे हेक्टोलिटरवर (१०० लिटरवर) बसतो आणि तेथे टक्के फक्त वर्ग ठरवतात. बिअरसाठी मद्यार्काचे टक्के किंवा प्लेटो अंश, म्हणजे आंबवण्यापूर्वीच्या रसात विरघळलेल्या, मुख्यतः साखरेच्या, घन पदार्थांचे प्रमाण, यांपैकी एक आधार सदस्य देश निवडतात. तेव्हा नियम वाचताना आधी पेयाचा वर्ग पाहावा, पद्धतीचे कलम नंतर.