मदत हवी आहे: घाटावरच्या मैफलीत डग्ग्याच्या माईकला घूं

मे महिन्यात वाईला कृष्णेच्या घाटावर संध्याकाळची मैफल आहे. गाणं, तबला, पेटी. श्रोते दोनशेच्या आसपास. रात्री १० ला लाऊडस्पीकर बंद करावाच लागतो, म्हणून ६.४५ ला सुरुवात.

अडचण डग्ग्याची. आवाज जरा वाढवला की २०० ते २५० हर्ट्‌झच्या आसपास घूं (फीडबॅक: स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरून घुमणं) सुरू होते. तबल्याला दोन माईक, दोन्ही शुअर एसएम ५७, पुडीपासून (वरच्या कातड्यापासून) चार-पाच इंच वर. मॉनिटर (कलाकारांना ऐकू यावं म्हणून मंचावर ठेवलेला स्पीकर) एकच, गायकासमोर. तो गायकाच्या माईकच्या बरोबर पाठीशी येतो, पण तबलजीच्या बाजूने तिरका पडतो. संशय मॉनिटरवरच आहे. शिवाय समोरच्या दगडी पायऱ्या आवाज सरळ मंचावर परत फेकतात.

इक्वलायझरवर २५० ची पट्टी ६ डेसिबलने उतरवली की घूं थांबते, पण डग्ग्याची मींड पार मरते, ठोक तेवढी उरते. मग तबला ऐकायचा कशाला?

तबलजीला मॉनिटरऐवजी इअरफोन दिले तर बैठकीच्या गाण्यात चालतं का? की डग्ग्याचा माईक काढून दोघांत एकच ठेवावा?

दुसरं, वरच्या पायऱ्यांवर, मुख्य स्पीकरपासून २५ मीटरवर, दोन छोटे स्पीकर लावायचे आहेत. हिशेबाने मुख्य स्पीकरचा आवाज तिथे पोचायला ७१ मिलिसेकंद लागतात, म्हणून छोट्यांना तेवढा उशीर द्यावा लागतो. तेवढाच ठेवावा की १०-१५ वाढवावा, म्हणजे आवाज मंचाकडूनच आल्यासारखा वाटेल?

उघड्यावर, दगडी पायऱ्यांसमोर काम केलेल्यांनी कृपया सांगा. सभागृहातले उपाय करून झालेत.