पुस्तक आलं नाही म्हणजे लेखक नाही?

लोकलवाली:
काल इथे एकाने लिहिलं की दहा वर्षं लिहून पुस्तक आलं नाही तर तो नुसता छंद, आणि समाधान मानणारा लेखक संपलाच. वाचून डोकं फिरलं. मी डोंबिवली-सीएसएमटी करते, कथा फोनवर लिहिते, ठाण्यापर्यंत उभ्यानेच. आधी माझ्या कथेतली सगळी माणसं एकाच सुरात बोलायची, आता मेथी निवडणारी बाई आणि बाजूची कॉलेजची पोरगी, नावं झाकली तरी कोण बोलतंय ते कळतं. ही प्रगती नाही? कवी अरुण कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह १९७७ चा, पुढचे थेट २००३ पासून. मधली पंचवीस वर्षं काय छंद होता?

दादरकर:
पोस्ट माझीच. ताई, कोलटकरांना मध्ये आणू नका, त्यांचं तेव्हाच नाव झालं होतं. आमच्या कट्ट्यावर बघतो ना, दर महिन्याला तीच माणसं तीच कविता वाचतात, वाहवा घेतात आणि घरी जातात. दुसरा खर्डा कोणी करत नाही. याला समाधान म्हणतात.

नायगावची शाई:
अहो पण प्रगती कळायची कशी? पूर्वी निदान 'साभार परत' यायचं. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक राम पटवर्धन लेखकाला पत्र लिहून कुठे फसलंय ते सांगायचे. मी मे महिन्यात दिवाळी अंकाला कथा पाठवली, दिवाळी झाली तरी होय नाही काही नाही, फोन केला तर म्हणे अंक स्टॉलवर बघून घ्या!

गिरगावकर:
एकदा संपादकाच्या खुर्चीत बसा मग बोला. नोकरी सांभाळून अंक काढतो, पावसाळा जाहिरातींसाठी दारोदार फिरण्यात जातो, कथा रात्री जागून वाचतो. टाइप करून पाठवा म्हटलं तरी लोक वहीच्या पानांचे फोटो पाठवतात, तेही आडवे.

नायगावची शाई:
म्हणून लेखकाला मानधन नाही? छापखान्याला देता, मुखपृष्ठवाल्याला देता, कागदवाला तर उधार ठेवत नाही. १९०९ च्या 'मनोरंजन' मासिकाच्या दिवाळी अंकापासूनची परंपरा म्हणून मिरवायचं आणि लेखकाच्या हातात एक अंक टेकवायचा.

गिरगावकर:
मी देतो मानधन. थोडं देतो पण देतो, सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

दादरकर:
विषय समाधानाचा होता, मानधनाचा नाही.

लोकलवाली:
तोच तर चाललाय! उत्तर नाही, पैसे नाहीत, मग मी माझ्या मागच्या कथेशीच ताडून बघणार ना? आणि समाधानी आहे म्हणजे थांबलेय असं कोणी सांगितलं? शेवटच्या कथेचा शेवट चौथ्यांदा लिहितेय. तुमच्या कट्ट्याचं मात्र मान्य, तिथली वाहवा घेऊन काही सुधारत नाही.

दादरकर:
चौथ्यांदा लिहिताय तर मग तुम्ही माझ्याच बाजूच्या. 'संपला' जरा जास्त झालं असेल, पण पुस्तकाचं मी मागे घेत नाही.

गिरगावकर:
शाई, नकार कळवायला हवा, एवढं मान्य. यंदापासून एका ओळीचा मेल टाकेन.

नायगावची शाई:
दोन ओळी टाका. दुसरीत का नाकारली ते लिहा.