गुहेतल्या गाळात परागकण फारच कमी मिळताहेत

गाळकरी: हिमालयातल्या साधारण ३,००० मीटर उंचीवरच्या चुनखडीच्या गुहेतला गाळ आहे, काम मुंबईच्या कॉलेज लॅबमध्ये. ५ ग्रॅमच्या नमुन्यातून स्लाइडवर जेमतेम ४० कण, त्यातही पाइन आणि नेच्यांचे बीजाणूच जास्त. वाळू विरघळवणारं हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरायला परवानगी नाही. काय बदलू?

साका_निवळ: गुहेच्या गाळाला ५ ग्रॅम पुरत नाहीत, २०-३० घ्या. सुरुवातीलाच लायकोपोडियमची एक गोळी (मोजलेल्या बीजाणूंची) टाका आणि एका गोळीत किती बीजाणू हा डब्यावरचा बॅचचा आकडा वहीत उतरवा, त्याशिवाय दर ग्रॅमला किती कण हे काढता येत नाही. मग १०% हायड्रोक्लोरिक आम्ल, थोडं थोडं. घाई केली की फेस बीकरबाहेर येतो आणि परागही त्याबरोबर जातात. फेस चढला की अल्कोहोलचे दोन थेंब. नंतर १०% पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये वॉटर बाथवर १० मिनिटं, आणि १८० मायक्रॉनची चाळणी.

वाळू काढायला सोडियम पॉलीटंगस्टेट (पाण्यात विरघळणारं जड मीठ), घनता २.०, म्हणजे १० मिली द्रावण २० ग्रॅम भरलं पाहिजे. क्वार्ट्झ (२.६५) तळाला, पराग वर. इथे दोन गोष्टी बिघडतात. साक्यात पाणी उरलं तर घनता उतरते आणि पराग वाळूसोबत बुडतात. कॅल्शियम उरलं तर पांढरा साका धरतो. म्हणून आधी डिस्टिल्ड पाण्याने धुणं, तेही कंजुषी न करता.

पराग_पाहणारा: वरच्यात भर. अ‍ॅसिटोलिसिस (कणांभोवतीचा सेंद्रिय कचरा काढणं; अ‍ॅसिटिक अनहायड्राइड ९ भाग, गंधकाम्ल १) तीनच मिनिटं, कण आधीच झिजलेले असतात. त्याआधी ग्लेशियल (पाणी नसलेल्या) अ‍ॅसिटिकने धुवा, ओल राहिली तर मिश्रण भडकतं. फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारं कपाट) नसेल तर ही पायरी सोडाच. दर बॅचला फक्त गोळी घातलेली एक कोरी नळी चालवा. तिच्यात नारळाचा पराग दिसला तर तो मुंबईचा, गुहेचा नव्हे.

आणि पाइन दिसलं म्हणून तिथे पाइनचं जंगल होतं असं लिहू नका. पाइनचा कण हवेच्या पिशव्यांमुळे लांबवर उडतो. बीजाणू जाड भिंतीमुळे टिकतात, नाजूक कण ओल-सुकीच्या फेऱ्यांत सडतात. झिजलेले कण वेगळे मोजा. एकाच जातीचे कण गठ्ठ्याने दिसले तर मधमाश्या-उंदरांचा संशय घ्या. इराकी कुर्दिस्तानातल्या शानिदर गुहेत अशाच गठ्ठ्यांवरून १९७५ मध्ये निअँडर्थलच्या 'फुलांच्या दफना'चा दावा झाला, नंतर तो याच कारणांनी वादात सापडला. तोंडापासून आतपर्यंत आजच्या पृष्ठभागाचे नमुने आणि बाहेरचं शेवाळ (त्यात आजचा पराग साठतो) तुलनेला घेतलंय ना?

गाळकरी: शेवाळ आहे, आतले नाहीत. मोजणी ३०० पर्यंत न्यावीच लागेल?

साका_निवळ: न्यायचा प्रयत्न करा. पाच-सहा स्लाइडनंतरही शंभरावर गेली नाही तर टक्केवारी काढू नका, नुसते आकडे द्या. आणि उरलेला गाळ ४ अंशांवर, हवाबंद. पावसाळ्यात बाहेर ठेवला तर बुरशी लागते.