पवना धरणाच्या फुगवट्यात कयाक (वल्ह्याची छोटी होडी) टाकायला मोकळा काठ कुठे आहे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गेल्या दिवाळीत हवा भरायची दोघांची कयाक घेतली (सेकंडहँड, पण भोक नाही). रविवारी सकाळी तुंग-तिकोना किल्ले बघत दोन तास वल्हं मारावं, एवढाच बेत. घोडं अडलंय ते पाण्यापर्यंत पोचण्यात.

रस्त्यावरून पाणी दिसतं, पण खाली जाणाऱ्या प्रत्येक वाटेला फाटक. तंबूवाले माणशी दीडशे मागतात, पावती नाही. पुढे एका बंगल्याचा रखवालदार म्हणाला, "साहेब, पार पाण्यापर्यंत मालकांचीच जागा आहे." शेवटी एका मावशींनी म्हशी पाण्यावर नेतात ती वाट दाखवली. धरणाआधी ती खालच्या गावाला जायची म्हणे.

माझ्या समजुतीप्रमाणे धरण भरल्यावर पाणी जिथवर चढतं तिथवरची जमीन संपादित झालेली, म्हणजे सरकारची. उन्हाळ्यात वाघेश्वराचं देऊळ उघडं पडतं तेव्हा काठाला जी जमीन दिसते ती गाळपेराची (पाणी ओसरल्यावर गाळात पीक घेतात ती). मग मालकांची जागा पाण्याला भिडते कशी? जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम २० वाचलं: नद्या, तळी आणि त्यांचे तळ, दुसऱ्या कोणाची मालकी सिद्ध नसेल तर, शासनाचे. बियास नदीकाठच्या हॉटेलच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानेही डिसेंबर १९९६ मध्ये सरकार अशा गोष्टींचं फक्त विश्वस्त आहे असं म्हटलं. अर्थात जमीन सरकारची म्हणून मला होडी घालायचा हक्क मिळतोच असं नाही, हे कळतं. पिंपरी-चिंचवड हेच पाणी पितं.

तर जाणकारांनी सांगावं:

महाभूनकाशावर (सरकारच्या जमीन-नकाशांच्या संकेतस्थळावर) गट नंबर सापडले, पण संपादनाची हद्द प्रत्यक्ष काठावर ओळखायची कशी? हद्दीचे दगड असतात का? मोजणी फक्त जमीनमालकालाच मागता येते का?

बिनइंजिनाच्या होडीला परवानगी लागते का, आणि लागत असेल तर देतं कोण? मी एका कार्यालयात गेलो, त्यांनी दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्यांनी परत पहिल्यांकडे. लेखी कोणीच काही देईना. माहिती अधिकारात अर्ज टाकायचा तर कोणाच्या नावे?

पावसाळ्यात जायचं नाहीये. २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणापाशी एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यानंतरचे जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश वाचलेत. लाइफ जॅकेट आहे, पोहता येतं, तेव्हा त्यावर प्रवचन नको. मुळशीचंही सुचवू नका, ते धरण टाटांचं, तिथलं गणित वेगळं.

मावसभाऊ स्कॉटलंडात असतो. तिथे २००३ च्या कायद्याने बिनइंजिनाची होडी घेऊन कोणीही तळ्यात उतरू शकतं, लोकांच्या घराचं अंगण तेवढं सोडायचं. दर रविवारी लोमंड तळ्याचे फोटो पाठवतो. ब्लॉक करायच्या बेतात आहे.

कोणी पवनेत रीतसर परवानगी काढून होडी घातली असेल तर अर्जाचा मसुदा कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. म्हशींची वाट कुठली ते मात्र विचारू नका, पुढच्या रविवारी तिथेही फाटक लागेल.