आपली सोसायटी (फक्त कामाचे मेसेज)

[रात्री ८:०४] सेक्रेटरी ४०१: सर्व सभासदांना सूचना. लिफ्टचे दार हाताने धरून ठेवू नये. सेन्सर या वर्षात दुसऱ्यांदा बदलला आहे. उद्या पाणी एकच वेळ, सकाळी ६ ते ७. टाकी बघून वापरा.

[८:१२] मनीषा ३०२: एक विनंती. चिकूला लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, जिन्यात कुणीही चॉकलेट, बिस्किट, मोबाईल देऊ नये. मागच्या महिन्यात एकदा सांगितलं होतं. काल परत झालं. नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलं असेल.

[८:१३] संग्राम ५०१: मी न्हाई वैनी. मी काल दिवसभर शाहू स्टेडियमला होतो

[८:१५] पाटील आबा १०१: चॉकलेट मी दिले. लहान लेकराला हातावर काही ठेवले तर गुन्हा झाला का.

[८:१६] जोशी काकू २०३: 🙏 आबा, हल्ली विचारूनच द्यावं लागतं. पूर्वीचं राहिलं नाही.

[८:१७] मनीषा ३०२: काकू, तसं नाही हो. गुन्हा कुणी म्हटलं नाही. पण काल नेमकं काय झालं ते सांगते. आम्ही तळमजल्यावर लिफ्टमध्ये शिरलो. मी बटण दाबत नाही, चिकूनं मागायचं असं ठरलंय. शब्द नाही आला तरी चालेल, बोट केलं तरी चालेल. मी मनात दहापर्यंत मोजते. त्यानं बटणाकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं. खालचा ओठ दातांखाली घेतला. 'वर'मधला 'व' असा सुरू होतो. मी सातवर होते. तीन आठवडे त्या एका 'व'साठी चाललेत. तेवढ्यात बाहेरून हात आला आणि चॉकलेट तोंडात. संपला विषय.

[८:१९] सेक्रेटरी ४०१: म्हणजे दहा आकडे होईपर्यंत लिफ्ट तळमजल्यावर उभी असते?

[८:१९] संग्राम ५०१: 😂😂 सेन्सरचा चोर सापडला

[८:२१] पाटील आबा १०१: वेखंड उगाळून मधातून जिभेवर लावणे. सात दिवसांत वाचा खुलते. माझ्या भावाच्या नातवाला गुण आला आहे. 🙏

[८:२२] जोशी काकू २०३: मुलगे उशिराच बोलतात गं. आमचा साडेतीन वर्षांचा होईपर्यंत नुसता बोट करायचा. आता पुण्यात आहे, फोनवर बोलायला लागला की थांबत नाही.

[८:२३] संग्राम ५०१: काकू कुणाशी बोलतोय ते विचारलंय का कधी

[८:२३] जोशी काकू २०३: संग्राम तू गप.

[८:२५] रेश्मा ५०४: मनीषा, डोन्ट माइंड, पण मी जानेवारीपासून सांगतेय. त्याला प्लेग्रुपला घाल. मुलांमध्ये मिसळला की आपोआप बोलेल. आणि घरात एकच भाषा ठेवा, इंग्लिश. आजी मराठी, तू मराठी, कामवाल्या मावशी कानडी. पोरगं कन्फ्यूज होणारच.

[८:२७] शिंदे सर ४०३: माझं आजोळ निपाणीचं. तिथं घरात मराठी आणि दारात कानडी. एकही पोर मुकं राहिलं नाही. उलट दोन्ही भाषांत भांडतात.

[८:२८] रेश्मा ५०४: सर तो जमाना वेगळा होता

[८:२८] जोशी काकू २०३: जमाना वेगळा होताच. वरच्या बाल्कनीतलं पाणी खालच्यांच्या पापडांवर पडत नव्हतं.

[८:२९] रेश्मा ५०४: काकू ते झाडांचं पाणी होतं आणि मी सॉरी म्हटलं होतं.

[८:२९] जोशी काकू २०३: म्हटलंस ना. मी कुठं काय म्हणतेय. चाळीस पापड होते एवढंच.

[८:३०] प्रसाद ३०२: हा मेसेज डिलीट केला आहे

[८:३१] संग्राम ५०१: दादा आम्ही वाचला

[८:३१] मनीषा ३०२: मी पण वाचला. 'आता पुरे' असं घरात तोंडानं पण सांगता येतं. मी स्वयंपाकघरात आहे, तुम्ही हॉलमध्ये.

[८:३४] सिस्टर काकू १०४: आत्ता वाचलं सगळं. आबा, वेखंड पोटात जाऊ देऊ नका. त्यात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं, अमेरिकेत १९६८ पासून खाण्याच्या पदार्थांत वेखंडाला बंदी आहे. आणि वर्षाच्या आतलं बाळ असेल तर मधाचं बोटही नाही. रेश्मा, दोन भाषा कानावर पडल्यानं बोलणं लांबत नाही. आजीनं आजीच्याच भाषेत बोलायचं. मोडकं इंग्लिश बोलण्यापेक्षा भरपूर मराठी बरं.

[८:३५] रेश्मा ५०४: मोडकं कुणाचं? 🙂

[८:३६] सिस्टर काकू १०४: सर्वसाधारण बोलतेय गं.
आणि जोशीवहिनी, मुलगे थोडे मागं असतात हे खरं, पण म्हणून बसून राहायचं नाही. वर्षाच्या सुमाराला हाकेला वळावं, बोटानं दाखवावं. दीड वर्षाला काही सुटे शब्द, दोन वर्षांना दोन शब्द जोडून, 'दूध दे' असं. यात मागं राहिलं तर दाखवून घ्यायचं. तुमचा बोट तरी करायचा. चिकू तेही करत नव्हता.

[८:३८] पाटील आबा १०१: वेखंड उगाळून मधातून जिभेवर लावणे. सात दिवसांत वाचा खुलते. माझ्या भावाच्या नातवाला गुण आला आहे. 🙏

[८:३८] संग्राम ५०१: आबा 🙏

[८:४४] मनीषा ३०२: आता लिहितेच सगळं, म्हणजे परत परत नको. चिकू दोन वर्षं दहा महिन्यांचा आहे. एका डॉक्टरांनी सांगितलं तीन वर्षांपर्यंत वाट बघा. दुसऱ्या म्हणाल्या उशीर झालाय, आजच सुरू करा. प्लेग्रुपच्या बाई म्हणाल्या इंग्लिश बोला. माहेरचे म्हणाले नरसोबाच्या वाडीला अभिषेक घाला. यूट्यूबवर एक बाई म्हणतात गहू बंद करा. मी मेमध्ये हे सगळं केलं. हो, सगळं. एका आठवड्यात नवे फ्लॅशकार्ड, नवी भाषा, नाचणीची भाकरी, वाडी. त्या आठवड्यात चिकू पलंगाखाली जाऊन बसायचा. मी खाली वाकून 'से ॲपल' म्हणायचे आणि तो भिंतीकडं तोंड करायचा. मला माझाच आवाज नको झाला होता.
मग स्पीच थेरपीच्या मॅडमनी एक कागद घेतला आणि तीनच ओळी लिहिल्या. हवं ते मागायचं, कसंही. हाक मारली की वळायचं. जेवताना मोबाईल नाही. खाली तारीख घातली, १५ सप्टेंबर. तोपर्यंत चौथं काही नाही. तो कागद फ्रिजवर आहे. कुणी काही सुचवलं की मी त्या कागदाकडं बघते. या तिन्हीतल्या कशाला हातभार लागतोय का? लागत असेल तर हो. नाहीतर वहीत लिहून ठेवते, तारखेला मॅडमना विचारते. बस.

[८:४५] संग्राम ५०१: वही??

[८:४६] मनीषा ३०२: हो. आजपर्यंत ३४ सल्ले झालेत. बरेचसे एकमेकांच्या उलटे. आबांचा वेखंड सहा वेळा आलाय, तो एकच धरलाय.

[८:४७] जोशी काकू २०३: म्हणजे आपण प्रेमानं काही बोललो की ते वहीत जातं. बरं झालं कळलं. यापुढं आम्ही गप्प. आम्ही काय वैरी आहोत का.

[८:४९] मनीषा ३०२: काकू, सल्ला नंबर ११ तुमचा आहे. 'कान तपासलेत का?' तुम्ही गच्चीवर म्हणाला होता, गव्हाला ऊन देताना. मला तेव्हा रागच आला होता. पण हाकेला वळणं आमच्या कागदावर होतंच, म्हणून गेलो. डाव्या कानात पडद्यामागं पाणी निघालं. औषध चालू आहे, पुढच्या महिन्यात परत तपासणी. ३४ मधले दोनच उपयोगी पडले, त्यातला एक तुमचा.

[८:५६] जोशी काकू २०३: मग तेव्हाच सांगायचंस की.

[८:५७] रेश्मा ५०४: आणि दुसरा?

[८:५८] मनीषा ३०२: वॉचमन मामांचा. म्हणजे सल्ला नव्हेच. ते चिकूला बघून फाटक उघडत नाहीत, नुसतं कडीवर हात ठेवून उभे राहतात. चिकू 'दा' म्हणतो, मग उघडतात. त्यांना कुणी शिकवलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, वासराला पण असंच थांबतोय मी.

[९:०१] शिंदे सर ४०३: वा. शाहू महाराजांनी १९१७ ला सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. शिक्षणाचा विषय कोल्हापुराला नवा नाही.

[९:०२] संग्राम ५०१: सर आता दंड सल्ला देणाऱ्याला लावा. गेल्या वर्षापासून रंगकामाचा फंड अडकलाय, चार दिवसांत भरतोय बघा

[९:०३] सेक्रेटरी ४०१: रंगकामाचा विषय वार्षिक सभेत घ्यावा. ज्यांचे तीन हप्ते बाकी आहेत त्यांनी तर जरूर घ्यावा.

[९:०३] संग्राम ५०१: विषय हार्ड झाला 😐

[९:०६] शालिनी आजी ३०२: मनीषा दूध उतू गेलं ग्रुपवर काय बसलीस

[९:०८] शालिनी आजी ३०२: आणि मोबाईल जेवताना मीच देते ते पण लिही की

[९:०८] मनीषा ३०२: आई, ते इथं नको ना.

[९:११] शालिनी आजी ३०२: का नको. सगळं इथंच लिहिलंस. लोकांना चॉकलेट देऊ नका म्हणायचं आणि घरात आजी मोबाईल देते ते झाकायचं. तू ऑफिसला जातीस. पोरगं ताट बघितलं की हॉलभर पळतंय. माझे गुडघे बघ. एक चपाती भरवायला तास जातोय. गाणी लावली की दहा मिनिटात खातंय. कागद फ्रिजवर चिकटवायला काय जातंय

[९:१२] संग्राम ५०१: (मी गेलो जेवायला)

[९:१२] प्रसाद ३०२: आई, आपण घरी बोलूया.

[९:१३] शालिनी आजी ३०२: घरी तू बोलतोस कुठं

[९:१८] सिस्टर काकू १०४: शालिनीताई, तुमचं चुकलं असं कुणी म्हणत नाही. मी सीपीआर हॉस्पिटलमध्ये तीस वर्षं बघितलंय, भरवणारीलाच सगळे शहाणपण शिकवतात. बालरोगतज्ज्ञांची संघटना म्हणते दोन वर्षांखाली स्क्रीन नको, दोन ते पाच वर्षांना दिवसात तासाच्या आत, तोही मोठं माणूस शेजारी बसून. पण एकदम बंद केला तर पोर जेवणार नाही आणि तुम्ही रडाल. शेवटचे पाच घास तेवढे मोबाईलशिवाय करा. पोट बऱ्यापैकी भरलेलं असतं, पळत नाही. आठवड्यानं दहा घास. आणि ताट जमिनीवर ठेवा, तुम्ही भिंतीला टेकून पाय लांब करून बसा. त्याला येऊ द्या तुमच्याकडं.

[९:२१] शालिनी आजी ३०२: पाच जमतील

[९:२२] मनीषा ३०२: सिस्टर काकू, हे मला मॅडमनी पण सांगितलं नव्हतं. ३५ वा लिहिते.

[९:२३] मनीषा ३०२: आई, दुधाचं भांडं मी घासते. राहू दे.

[९:२५] रेश्मा ५०४: सो प्लेग्रुपचं काय ठरलं? ॲडमिशन क्लोज होतायत. मी त्यांच्याशी बोलून ठेवलंय ऑलरेडी.

[९:२६] मनीषा ३०२: रेश्मा, वहीत आहे. १५ सप्टेंबरनंतर.

[९:२६] रेश्मा ५०४: ओके. तुझं मूल, तुझा निर्णय. 👍

[९:२७] जोशी काकू २०३: या 👍 चा अर्थ मला आता कळायला लागलाय.

[९:२८] शिंदे सर ४०३: घाई कशाला. थेट पाईपलाईनचं पाणी काळम्मावाडीहून यायला आपण किती वर्षं थांबलो? २०२३ च्या दिवाळीत आलं. पोराला १५ सप्टेंबरपर्यंत देऊया की.

[९:२९] सेक्रेटरी ४०१: आणि उद्या एकच वेळ आहे. ६ ते ७. पुन्हा सांगत आहे.

[९:३१] पाटील आबा १०१: मनीषा, मला दहा मोजायचे ते माहीत नव्हते. लेकरू बघून हात खिशात जातो. आमची नातवंडं अमेरिकेत, चॉकलेट खिशातच राहतात.

[९:३३] मनीषा ३०२: आबा, द्या की तुम्ही. फक्त मुठीत धरून दाखवा आणि थांबा. तो बोट करेल किंवा आवाज काढेल. मग द्या, पण अर्धंच. म्हणजे परत मागायला उरतं.

[९:३४] पाटील आबा १०१: अर्धे. बरं.

[९:३४] पाटील आबा १०१: मनातल्या मनात मोजायचे की मोठ्याने?

[९:३५] मनीषा ३०२: मनात.

[९:५२] संग्राम ५०१: ब्रेकिंग. जेवून खाली आलो तर लिफ्टमध्ये प्रसाददा आणि चिकू. मी म्हटलं थांबा बटण मी सांभाळतो. मोजायला लागलो. दारात आबा मूठ पुढं करून उभे, ते पण मोजायलेत, ओठ हलताना दिसत होते. नवाला पोरगं 'बा' म्हणालं

[९:५३] मनीषा ३०२: खरंच??

[९:५३] रेश्मा ५०४: 'बा' म्हणजे वर की बाबा?

[९:५३] जोशी काकू २०३: की आबा?

[९:५४] पाटील आबा १०१: माझ्याकडे बघून म्हणाला.

[९:५४] प्रसाद ३०२: बटणाकडं बघून म्हणाला.

[९:५५] संग्राम ५०१: व्हीएआर लावा, फुटबॉलसारखा रिप्ले बघूया

[९:५६] मनीषा ३०२: कशाकडंही बघू दे. मागितलं ना? लिहून ठेवते. आबा, अर्धंच दिलंत ना?

[९:५८] पाटील आबा १०१: अर्धे दिले. त्याने परत हात केला. मग राहिलेले पण दिले.

[१०:०१] सेक्रेटरी ४०१: लिफ्ट कुणी धरून ठेवली आहे? मी दहा मिनिटे चौथ्या मजल्यावर उभा आहे. हातात कचऱ्याची पिशवी आहे.

[१०:०१] संग्राम ५०१: सेक्रेटरीसाहेब, बोट करा किंवा आवाज काढा. आम्ही मोजतोय

[१०:०४] पाटील आबा १०१: वेखंड उगाळून मधातून जिभेवर लावणे. सात दिवसांत

[१०:०४] पाटील आबा १०१: चुकून गेला. फोनमध्ये तोच येतो पहिला.