निवृत्तीनंतर परदेशात राहायचा व्हिसा : सोलापूरकरांनो, तुमचा अनुभव लिहा

होटगी रोड (धागा सुरू करणारे)

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये बँकेतून निवृत्त झालो. मुलगी-जावई बँकॉकला असतात, नातू तीन वर्षांचा आहे. वर्षातले सात-आठ महिने तिकडं राहावं असं आम्हा दोघांच्या मनात आहे. टुरिस्ट व्हिसावर दोन वेळा जाऊन आलो, आता रीतसर निवृत्तीचा व्हिसा काढायचाय.

अटी वाचल्या आहेत. वय ५० पूर्ण हवं, बँकेत ८ लाख बाट हवेत किंवा महिन्याला ६५ हजार बाट उत्पन्न. तिथवर जमतंय. अडलंय भलतीकडंच. आमचं लग्न १९९१ सालचं, साखर पेठेतल्या घरासमोर मांडव घालून झालेलं. नोंदणी केलेली नाही. तेव्हा आमच्यात कुणीच करत नव्हतं. हिला माझ्यावर अवलंबून दाखवलं तर एकाच्या नावावरच्या रकमेत काम होतं, नाहीतर दोघांचे वेगवेगळे ८ लाख बाट. म्हणजे एका दाखल्यावाचून वीस लाखांहून जास्त रुपये अडकून पडणार.

सोलापुरात राहून ही फाईल ज्यांनी स्वतः उभी केली त्यांनी कृपया लिहा. देश कुठलाही असो. अर्ज फेटाळला गेला असेल, परत यावं लागलं असेल, तर तेही हवंय. एजंटचे नंबर मात्र नकोत.

जुळे सोलापूर

काका, मी रेल्वेतून निवृत्त. आम्ही दोघं २०२३ पासून चियांग माईला असतो, म्हणून तुमच्या कामाचं आधी सांगतो. आम्हाला मुंबईला जाऊन अर्ज द्यावा लागला होता. जानेवारी २०२५ पासून भारतातून थायलंडचा व्हिसा ऑनलाइन झालाय, तो हेलपाटा वाचेल.

पोलीस दाखला आणि डॉक्टरांचा दाखला ही जोडी सांभाळा. दोन्ही तीन महिन्यांच्या आतले लागतात. पोलीस दाखला पासपोर्ट कार्यालयातून निघतो, पण त्याआधी आपल्या ठाण्यातून चौकशी होते. आमच्या वेळी दारात हवालदार आले तेव्हा आम्ही तुळजापूरला दर्शनाला गेलेलो. घराला कुलूप बघून ते परत गेले आणि शेरा पडला, 'पत्त्यावर आढळले नाहीत'. तो शेरा पुसायला पाच आठवडे गेले, तोवर डॉक्टरांच्या दाखल्याची मुदत संपत आली. चौकशी होईपर्यंत गाव सोडू नका, हे मी हात जोडून सांगतो. डॉक्टरांच्या फॉर्मवर कुष्ठरोग, क्षयरोग, हत्तीरोग, अमली पदार्थांचं व्यसन आणि तिसऱ्या टप्प्यातला सिफिलिस नाही असं लिहून द्यावं लागतं. आमचे डॉक्टर वीस वर्षांच्या ओळखीचे. फॉर्म वाचला आणि म्हणाले, 'तुम्हाला ओळखतो म्हणून सही करणार नाही, तपासून करतो.' छातीचा एक्स-रे आणि रक्ताची तपासणी केली, मगच शिक्का मारला. बरं वाटलं मला.

व्हिसा मिळाला की संपलं असं नाही. दर ९० दिवसांनी राहता पत्ता कळवायचा असतो. घरमालकानंही तुम्ही आल्याचं २४ तासांत कळवायचं असतं. तसं केलंय का ते त्याच्याकडून खात्री करून घ्या. मुदत दर वर्षी वाढवायची, त्याला १९०० बाट. त्याच्या आधी दोन महिने आणि नंतर तीन महिने खात्यात पूर्ण ८ लाख हवेत. पुढंही ४ लाखांच्या खाली जायचं नाही. सोलापुरात घर रंगवायचं निघालं तरी त्या पैशाला हात लावता येत नाही. आणि परमिट असताना देशाबाहेर पडायचं तर आधी री-एंट्री, म्हणजे परत यायचा परवाना, काढा. एका वेळेचे १००० बाट, कितीही वेळा जायचं असेल तर ३८००. ते न काढता निघालात की परमिट तिथंच संपतं. तुम्ही वर्षातले चार महिने इकडं येणार म्हणताय, तुम्हाला हे लागणारच.

फेब्रुवारी ते एप्रिल चियांग माईत शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर असतो. बायकोला दम्याचा त्रास, म्हणून ते तीन महिने आम्ही सोलापूरला येतो. इथं बेचाळीस अंश असले तरी श्वास घेता येतो. एक गोष्ट मात्र तिकडं अगदी मनासारखी मिळाली. करीचं वाटण कुटायला त्यांच्याकडं दगडी खल असतो. बायकोनं बाजारातून पहिल्या आठवड्यात तो आणला, आणि लसूण, तिखट, जिरं घालून तेल सुटेपर्यंत शेंगा कुटल्या. मिक्सरच्या चटणीला ती चव येत नाही.

रेल्वे लाईन्स

मी निवृत्त शिक्षिका. आम्ही दोघं मॉरिशसला राहतो. २०२२ मध्ये अर्ज केला तेव्हा पन्नाशी पुढच्या निवृत्तांनी महिन्याला दीड हजार डॉलर तिथल्या खात्यात आणायचे अशी अट होती. भावाच्या सासुरवाडीचे लोक तिथं असल्यामुळे देश ठरवायला वेळ लागला नाही. कोकणातून एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर गेलेल्या मराठी लोकांच्या पुढच्या पिढ्या आहेत ह्या. घरात क्रिओल ही तिथली बोली बोलतात, पण गणेश चतुर्थीला तिथं सार्वजनिक सुट्टी असते. शेजारच्या आजींना आरती तोंडपाठ, तिचा अर्थ मात्र त्या मला विचारतात.

आता माझ्या फाईलचं. लग्नात सासरी माझं नाव बदललं, ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलं तसं. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. चाळीस वर्षांनी कागद मांडले तर मी दोन बायका! शाळा सोडल्याचा दाखला आणि डी.एड. माहेरच्या नावानं. सेवापुस्तक, पेन्शनचा आदेश, पासपोर्ट सासरच्या नावानं. लग्नपत्रिकेवर तिसरंच, घरी हाक मारायचे ते. ह्या तिन्ही मीच, हे सिद्ध करणारा एकही कागद नव्हता.

शेवटी विवाह नोंदणीचा दाखला काढला, त्यात लग्नाआधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही नावं लिहून घेतली. शिवाय महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावातला बदल छापून आणला. ते राजपत्राचं पान मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवलंय. माझ्या वयाच्या बायकांना कळकळीनं सांगते, बाई, व्हिसा काढा किंवा नका काढू, ही दुरुस्ती आजच करा. नवरा असताना सगळे विचारतात. एकटी राहिलात की प्रत्येक खिडकीवर 'ह्या तुम्हीच कशावरून' इथूनच सुरुवात होते.

होटगी रोडच्या भावजी, विवाह नोंदणी आपल्या महापालिकेत उशिरासुद्धा होते. तीन साक्षीदार, लग्नपत्रिका किंवा लग्नातला फोटो, दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे. पुरोहिताची सही लागते. ते हयात नसतील तर तसं प्रतिज्ञापत्र करा.

पैसे पाठवण्याबद्दलही विचारतात म्हणून लिहिते. सुरुवातीला रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून पाठवले. माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, ती आपल्याला कधी लागत नाही. पण ऑक्टोबर २०२३ पासून सात लाखांच्या वर २० टक्के कर आधीच कापून घ्यायला लागले (एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा दहा लाख झाली). विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो, पण वर्षभर पैसा अडकतो. कायमचं राहायला गेल्यावर बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं इथलं खातं) करून घ्यावं लागतं. पेन्शन त्यातच जमा होते आणि कर भरून तिकडं नेता येते. हे काम सीएंकडून करून घ्या.

अशोक चौक

आमचा सुताचा व्यापार. मलेशियाच्या 'सेकंड होम' योजनेसाठी २०१९ मध्ये कागद गोळा करायला घेतले. तेव्हा पन्नाशीपुढच्यांना दीड लाख रिंगिटची मुदत ठेव पुरत होती. २०२० मध्ये योजना थांबवली, ऑक्टोबर २०२१ मध्ये परत सुरू केली ती १० लाख रिंगिटची ठेव आणि महिन्याला ४० हजार रिंगिट उत्पन्न मागूनच. २०२४ मध्ये पुन्हा बदलली, विशेष आर्थिक क्षेत्र सोडता दीड लाख डॉलरपासून ठेव आणि घर घेणं सक्तीचं. एजंटला दिलेली आगाऊ रक्कम गेली. आम्ही विषय सोडला. कुणी 'हा देश कायमचा' म्हणून घरदार विकून निघत असेल तर थांबा एवढंच सांगतो. इकडचं घर ठेवून जा.

सात रस्ता

पोर्तुगाल, डी-७ व्हिसा. त्यांच्या किमान वेतनाइतकं, काम न करता घरबसल्या येणारं उत्पन्न, म्हणजे भाडं, व्याज, पेन्शन असं दाखवायचं. आम्ही अर्ज केला त्या २०२३ साली ते महिन्याला ७६० युरो होतं, पत्नीसाठी त्याच्या निम्मे अधिक. मला वाटलं, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या गोडाऊनच्या भाड्यात सहज होईल. भाडं पंधरा वर्षं वेळेवर येत होतं. पण रोख! भाडेकरू शेठ दर महिन्याच्या पाच तारखेला पिशवीत घेऊन यायचे, वहीत सही व्हायची, चहा व्हायचा. करार साध्या स्टॅम्पपेपरवर, तोही २००८ चा. पहिला अर्ज फेटाळला. कारण स्पष्ट लिहिलं होतं : नियमित उत्पन्नाचा पुरावा अपुरा.

मग नोंदणीकृत भाडेकरार केला, शेठना चेकनं द्यायला सांगितलं. त्यांना पटवायलाच दोन महिने लागले, कारण त्यांच्याही हिशेबात ते दिसणार होतं. वर्षभर बँकेत जमा होऊ दिलं, विवरणपत्रात दाखवलं आणि पुन्हा अर्ज केला. मिळाला. पहिल्या वेळी फुकट गेलेलं सगळ्यात मोठं म्हणजे पोर्तुगालमधल्या ब्रागा शहरातल्या घराचं भाडं. व्हिसा हातात येण्याआधीच वर्षाचा भाडेकरार दाखवावा लागतो, त्यामुळे रिकाम्या घराचे पैसे भरत बसलो.

परमिटच्या मुदतीत सलग सहा महिने किंवा तुकड्या-तुकड्यांनी आठ महिने यापेक्षा जास्त बाहेर राहता येत नाही. आमच्याकडं सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज (उंच मानाच्या काठ्या) उचलायची परंपरा आहे, मुलगा आता मानाच्या काठीला खांदा देतो. त्यामुळे महिन्यांचा हिशेब मी जानेवारीतली ती गड्ड्याची यात्रा धरूनच करतो. ब्रागाला हिवाळ्यात भिंती ओल्या होतात, ते दिवस इथं गेलेले बरेच.

विजापूर रोड

अमेरिकेबद्दल बरेच जण विचारतात. तिथं निवृत्तीचा असा व्हिसाच नाही. मुलगा नागरिक असेल तर तो आईवडिलांसाठी ग्रीन कार्ड मागू शकतो, नाहीतर व्हिजिटरवर साधारण सहा महिने. आईनं ग्रीन कार्ड घेतलं आणि सोलापुरात राहायला लागली. दर वेळी विमानतळावर 'तुम्ही राहता कुठं' विचारायचे. तिसऱ्या वर्षी तिनं स्वतःच कार्ड परत केलं.

भवानी पेठ

राम राम. मी एस्टीत ड्रायव्हर होतो, ३१ वर्षं. पोरगं कॅनडात हाय, ब्रॅम्प्टनला. आमी सुपर व्हिसावर जायलोय-यायलोय. हा निवृत्तीचा न्हाई, पण आईबापासाठीच हाय. दहा वर्षांपर्यंत मिळतो, आणि २०२२ च्या जुलैपासनं एका येळी पाच वर्षं ऱ्हाता येतं. पोराची कमाई दाखवाय लागती, आणि एक लाख डॉलरचा आरोग्य विमा वर्षभराचा. मालकिणीला शुगर हाय. विमावाल्यानं गोळ्या कदी बदलल्या ते इचारलं. आमी 'बदल न्हाई' म्हनून सांगितलं असतं, पण पोरगं म्हनलं, आबा, चिठ्ठ्या काढा. चिठ्ठीत बगितलं तर दोन महिन्याआदीच डोस वाढवलेला. खरं लिहिलं. हप्ता वाढला, पण पुढं तिला दवाखान्यात ठेवावं लागलं तवा एक पैसा कुणी अडवला न्हाई. तेवढं सगळ्यांनी खरं लिवा.

जुळे सोलापूर

हयातीच्या दाखल्याचं राहिलंच. तो नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो. पहिल्या वर्षी मी चियांग माईतल्या आपल्या वाणिज्य दूतावासात अधिकाऱ्यासमोर सही करून कागद टपालानं पाठवला. तो शाखेत पोहोचला, पोच आली, आणि तरीही जानेवारीत पेन्शन जमा झाली नाही. कागद कुणाच्या तरी टेबलावर राहिलेला. पुतण्या चार वेळा जाऊन बसला तेव्हा मार्चमध्ये थकबाकीसकट मिळाली. तेव्हापासून तिकडून पाठवला की त्याच दिवशी पुतण्याला फोटो पाठवतो आणि तो शाखेत जाऊन नोंद झाल्याचं डोळ्यांनी बघून येतो. ज्यांची मुलं सगळीच बाहेर आहेत त्यांनी असा एक माणूस गावात ठरवून ठेवावा.

होटगी रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. रेल्वे लाईन्सच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे लागलो.

लग्नपत्रिका कुठंच सापडत नव्हती. शेवटी हिच्या आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत, खणाच्या घडीत निघाली. एका कोपऱ्याला हळदीचं बोट लागलेलं. पुरोहित गुरुजी २००९ मध्ये वारले, म्हणून प्रतिज्ञापत्र केलं. साक्षीदार म्हणून माझा थोरला भाऊ, हिची मामेबहीण, आणि लग्नात आचारी म्हणून ज्यांनी जेवण केलं होतं ते आता ऐंशीचे काका. रिक्षानं आणलं त्यांना. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, 'लग्न झालेलं तुम्ही पाहिलंय का?' काका म्हणाले, 'साडेचारशे पान झालं होतं, बुंदी मी पाडली.' बाईंनी सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं.

दाखला काल हातात आला. दोन्ही नावं बरोबर आहेत, हिच्या माहेरच्या नावाची वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ झाली होती ती तिथंच उभं राहून दुरुस्त करून घेतली. आता परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्यासाठी सोमवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला निघतोय. पोलीस दाखल्याचा अर्ज परत आल्यावरच करणार, आणि तो केल्यावर चौकशी होईपर्यंत घराला कुलूप लावणार नाही.