मैफलीच्या मंचावर इलेक्ट्रॉनिक तानपुरा असावा का?

धागाप्रवर्तक:
रियाजासाठी इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा मोबाईलमधील अ‍ॅप वापरण्यास माझी हरकत नाही. परंतु ख्यालगायनाच्या जाहीर मैफलीत त्यावर भागवणे मला अयोग्य वाटते. घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) नीट घासून आणि तारेखाली सूत सरकवून जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा झंकार, काढली, की तार घोडीला ओझरती स्पर्श करत राहते व तिच्यातील उपस्वर एकामागून एक उलगडतात. कोणतीही तार गंधारात (‘ग’ या स्वरात) लावलेली नसताना दोन तानपुऱ्यांच्या सुरेल जोडीतून गंधार ऐकू येतो आणि गायक त्याच्याकडे कान ठेवून आपला गंधार लावतो. यंत्रातून हे साधत नाही.

प्रतिसाद १:
शेवटच्या विधानाशी असहमत. आजची अनेक अ‍ॅप्स उत्तम तानपुऱ्यांच्या ध्वनिमुद्रणावरच चालतात, त्यामुळे गंधार तेथेही असतो. शिवाय ज्या मंचावर आपण इतके सोवळे पाळता, तेथेच सप्तकाचे बारा समान भाग करून बांधलेली पेटी (हार्मोनियम) संगतीला असते! आकाशवाणीने १९४० साली पेटीवर घातलेली बंदी १९७१ मध्ये, तीही अंशतःच, उठली. आज ख्यालाच्या बहुतेक मैफलींत तिच्यावाचून चालत नाही. वातानुकूलित सभागृहात तारा उतरल्या, की गाणे थांबवून खुंट्या पिळण्यात कोणती परंपरा जपली जाते?

धागाप्रवर्तक:
पेटी गायकाच्या मागून जाते, तर तानपुरा त्याला आधार देतो. त्यामुळे ही तुलना पटत नाही. ध्वनिमुद्रणाचा मुद्दा मात्र विचारात घेण्याजोगा आहे. तरीही माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. मागे तानपुऱ्यावर बसणारा शिष्य गुरूची बढत (रागाचा टप्प्याटप्प्याने होणारा विस्तार), श्वास घेण्याची जागा, समेवर येण्याची तयारी हे सारे हातभर अंतरावरून ऐकतो, आणि खूण झाली की स्वर भरतो. शिकवणीच्या खोलीत न मिळणारे शिक्षण त्याला तेथे मिळते. यंत्र आले, की ती जागाच जाते.

प्रतिसाद २:
मी न्यू जर्सीत राहते. येथे गायक एकटे येतात, तानपुऱ्यावर बसण्याजोगे विद्यार्थी मोजके असतात आणि विमानप्रवासात भोपळा तडकण्याची भीती असते. अशा वेळी यंत्र नाकारणे म्हणजे मैफलच नाकारणे होय. मात्र पुण्या-मुंबईच्या आयोजकांना ही सबब लागू पडत नाही. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; त्याचे सत्कार करण्यापेक्षा प्रत्येक सभागृहाने तेथील एक जोडी विकत घेऊन ठेवावी.

प्रतिसाद १:
जोडी घेता येईल. पण जवारी बसली, की ती पुन्हा काढावी लागते आणि त्यासाठी जाणता कारागीर हवा. सभागृहाच्या अंदाजपत्रकात पियानोच्या देखभालीची तरतूद असू शकते, तशी तानपुऱ्याची कोणी करणार असेल, तर माझा विरोध मी मागे घेईन.